प्रार्थना : संपर्क की सोय?

गेल्या दोन-अडीच दशकांत महाराष्ट्रातील कीर्तन-प्रवचनांच्या भाषेत एक लक्षणीय बदल घडून आला आहे. देव आणि भक्त यांच्यातील नाते उलगडून सांगताना पूर्वी चातक आणि मेघ, कमळ आणि सूर्य, गाय आणि वासरू असे दृष्टांत येत. आता त्यांच्या जोडीला मोबाइल, सिमकार्ड, रेंज आणि रिचार्ज येऊन बसले आहेत. देवाचा फोन कधीच व्यस्त लागत नाही, बॅटरी उतरलेली असते ती भक्ताची, असे बुवांनी म्हटले की मंडपात खसखस पिकते आणि मागच्या रांगेत मोबाइलशी खेळत बसलेला तरुणही क्षणभर मान वर करतो. काही ज्येष्ठांना ही भाषा रुचत नाही. जगन्नियंत्याला दूरध्वनी केंद्राच्या पातळीवर आणून बसविणे हा त्यांना अधिक्षेप वाटतो.

त्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण परंपरेचा कौल त्यांच्या बाजूने नाही. आपल्या संतांनी देवाविषयी बोलताना हाताशी असलेले अवजारच उचलले. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यात विठ्ठल दिसला, तेरच्या गोरोबांना तो मातीत आणि चाकात भेटला. नरहरी सोनारांनी आपल्या व्यवसायाची हत्यारे भक्तीच्या कामाला जुंपली, सेना न्हाव्यांनी आरसा. जनाबाईंचे जाते तर मराठी माणसाच्या मनात विठ्ठलाच्या मूर्तीइतकेच पक्के बसले आहे. जाते, चाक, मोट, माग ही त्या काळातील यंत्रेच होती. तेराव्या शतकातील कुंभाराला चाकाचा दृष्टांत चालतो, तर एकविसाव्या शतकातील संगणक अभियंत्याला त्याच्या यंत्राचा का चालू नये?

प्रश्न दृष्टांत द्यावा की न द्यावा हा नाही. तो कुठवर न्यावा, हा आहे. दृष्टांत एकदेशी असतो, असे आपले शास्त्रकार बजावून सांगतात. मुखाला चंद्राची उपमा दिली, तर त्यातील आल्हाद तेवढा घ्यायचा. डाग आणि कला घ्यायच्या नाहीत. यंत्राच्या दृष्टांताबाबत आज हाच विवेक सुटत चालला आहे. त्यातले घेण्यासारखे जे आहे ते हसण्यावारी जाते आणि जे घेऊ नये ते नकळत घराघरांतील देवघरात शिरते.

घेण्यासारखे काय आहे, ते आधी पाहावे. त्यासाठी मोबाइलच्याही मागे, रेडिओपर्यंत जावे लागेल.

विद्युत्चुंबकीय लहरींचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६५ साली मांडले. हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखविल्या. आणि १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी, मधल्या भिंतींना न जुमानता जाणाऱ्या अशा लहरींच्या साहाय्याने, दूरवरची घंटा वाजवून आणि दारूचा स्फोट घडवून जमलेल्या मंडळींना चकित केले. लहरी ग्रहण करण्यासाठी त्यांनी गॅलिना या खनिजाचा जो शोधक तयार केला, त्याचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावे झाले. पेटंट घेण्याविषयी बसू स्वतः उदासीन होते, आणि मार्कोनीला १९०९ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा या भारतीय वैज्ञानिकाची आठवण पाश्चात्त्य जगाला फारशी झाली नाही, हा वेगळा विषय.

येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच, की या शास्त्रज्ञांपैकी कुणीही लहरींचे तत्त्व नव्याने निर्माण केले नाही. आकाशातल्या विजेच्या प्रत्येक लोळाबरोबर त्या पृथ्वीभर पसरतच होत्या. माणसापाशी नव्हते ते ग्रहण करणारे साधन. खोलीत लहरी खच्चून भरलेल्या आणि माणूस मात्र म्हणतो आहे की येथे पूर्ण शांतता आहे, अशी ती अवस्था होती. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, असे ठासून सांगणाऱ्यास बसूंचा शोधक हे निर्णायक उत्तर नव्हे. परंतु 'जाणवत नाही' आणि 'नाही' यांत अंतर असते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

ज्यांच्या घरी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. बटण फिरविले की तो लगेच बोलू लागत नसे. आतल्या नळ्या तापायला अर्धा मिनिट जाई. मग काचेमागे मंद उजेड दिसे, खरखर सुरू होई, आणि त्या खरखरीतून काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत केंद्र शोधावे लागे. घरातला एखादाच वडीलधारा त्यात तरबेज असे. मुलांना काट्याला हात लावण्याची मुभा नसे. गच्चीवरची जाळीदार एरियल वाऱ्याने कलली की आवाज पुसट होई. केंद्र आपल्या ठिकाणी, आपल्या शक्तीनिशी बोलतच असे. सांगलीतील एका घराचा काटा सरकला म्हणून मुंबईचे केंद्र बंद पडले, असे कधी झाले नाही.

संध्येतील आचमन, प्राणायाम, संकल्प हे सारे विधी कशासाठी, असे आजचा तरुण विचारतो. त्याला या तापणाऱ्या नळ्यांचे उदाहरण द्यावे. कचेरीतील वाद, लोकलमधील धक्काबुक्की, मुलाच्या गुणपत्रिकेची काळजी हे सगळे डोक्यात घेऊन बसलेला माणूस पाटावर बसताक्षणी प्रार्थनेत उतरू शकत नाही. त्याला तापायला वेळ लागतो. श्वास संथ करणे, पाणी हाती घेणे, दिवा लावून ज्योतीकडे पाहणे यांत तो वेळ जातो, आणि तो वाया जात नाही. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात प्रणवाच्या जपासोबत त्याच्या अर्थाचे भावन सांगितले आहे. केवळ उच्चार पुरेसा नाही, चित्त त्या अर्थाशी जुळले पाहिजे. रेडिओच्या शास्त्रात यालाच अनुनाद म्हणतात. ग्राहकातील मंडलाची कंपनसंख्या प्रक्षेपकाच्या कंपनसंख्येशी जुळली की असंख्य लहरींच्या गर्दीतून नेमकी तीच लहर उचलली जाते. ओरडण्याने हे होत नाही. स्मृतिकारांनी मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेल्या उपांशु जपाला, आणि त्याहून मानस जपाला कितीतरी पट श्रेष्ठ मानले, यामागेही हाच अनुभव असला पाहिजे. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून देवाला साद घालणाऱ्या उत्सवमंडळांनी हा क्रम एकदा नीट वाचावा.

या संदर्भात एक शास्त्रीय निरीक्षणही उपलब्ध आहे. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथलिक जपमाळेतील प्रार्थना असो वा 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र असो, दोन्हींच्या पठणात श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम होतो, असे त्यात आढळले. आपल्याकडच्या काही उत्साही मंडळींनी अशा अभ्यासांची प्रमाणपत्रे करून भिंतीवर लावली आहेत. त्याची आवश्यकता नव्हती. रक्तदाब उतरावा म्हणून रामनाम घेणे म्हणजे सावली मिळते म्हणून वडाची पूजा करण्यासारखे आहे. सावली मिळते हे खरे, पण पूजेचे कारण ते नव्हे.

रेडिओनंतर दूरध्वनी. येथे जुन्या पिढीतील प्रवचनकारांचा ट्रंक कॉल आठवतो. क्रमांक नोंदवायचा, तासन् तास वाट पाहायची, मधल्या ऑपरेटरची मिनतवारी करायची. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर कितीतरी पट दराचा 'लायटनिंग'. नवस बोलणाऱ्यांची मानसिकता ओळखायला हे दरपत्रक पुरेसे आहे! पुढे १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातील पहिली थेट दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि मधला ऑपरेटर हळूहळू बाजूला झाला. भक्तिमार्गाने हे काम त्याच्या कित्येक शतके आधी केले होते. शिंपी नामदेव, दासी जनाबाई, चोखामेळा या सर्वांनी मधल्या केंद्राची परवानगी न मागता थेट संपर्क साधला आणि तो साधला गेल्याची ग्वाही दिली. मात्र येथे हिंदू समाजाला अभिमानाबरोबर मानही खाली घालावी लागते. ज्या चोखोबांचा संपर्क अखंड होता, त्यांना देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही; त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशीच राहिली. ते द्वार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. देवाने कुणाचीही जोडणी तोडली नव्हती. ती तोडण्याचा उद्योग माणसांनी केला.

मोबाइलचा दृष्टांत याहून सूक्ष्म आहे, आणि बहुतेक प्रवचनांतून त्याचा उत्तम भाग निसटून जातो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी कोलकात्याहून दिल्लीला बोलून देशातील पहिला मोबाइल संवाद केला. तेव्हापासून या यंत्राने माणसाचा खिसा कधी सोडलेला नाही. पण खिशातला मोबाइल बोलत नसतो तेव्हा काय करत असतो? तो स्वस्थ नसतो. जवळच्या मनोऱ्याचा संकेत तो सतत ऐकत असतो, आणि ठरावीक अंतराने, तसेच एका विभागातून दुसऱ्या विभागात गेल्यावर, 'मी येथे आहे' अशी आपली नोंद करत असतो. मालकाला त्याची जाणीवही नसते. ही मूक हजेरी चालू असते म्हणूनच कुणी बोलावले की क्षणार्धात घंटी वाजते. नाहीतर कोट्यवधी यंत्रांच्या जंजाळात त्याला शोधायचे कुठे?

नामस्मरण म्हणजे नेमके काय, हे सांगायला याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. आपल्याकडे अजपाजपाची कल्पना आहे. माणसाचे दिवसरात्रीचे श्वास २१,६०० मानले गेले. मिनिटाला १५, म्हणजे आजच्या वैद्यकाच्या हिशेबातही बसणारा आकडा. या प्रत्येक श्वासासोबत जप चालूच आहे, त्याकडे लक्ष तेवढे द्यायचे, अशी ती धारणा. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवरण करताना स्मरणाला स्वतंत्र समास दिला आहे. स्मरण हे दिवसातून एकदा करायचे बोलणे नव्हे. ती धंदा, नोकरी, स्वयंपाक, प्रवास यांच्या तळाशी चालणारी नोंद आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी यज्ञांमध्ये जपयज्ञ ही आपली विभूती सांगितली. ज्याला समिधा लागत नाहीत, वेदी लागत नाही, ज्याच्यासाठी रजा काढावी लागत नाही, असा हा यज्ञ गृहस्थाला किती सोयीचा!

'सोयीचा' हा शब्द येथे आला, आणि दृष्टांताची सीमा नेमकी याच शब्दापाशी आहे.

कोणतेही यंत्र जन्माला येते ते श्रम, वेळ किंवा अंतर वाचविण्यासाठी. ज्या यंत्राने यांपैकी काहीच वाचत नाही, ते भंगारात जाते. मोबाइल उत्तम, कारण पुण्याहून नागपूरला न जाता बोलता येते. धुलाई यंत्र उत्तम, कारण ते लावून गृहिणी दुसरे काम करू शकते. प्रार्थनेचे तसे नाही. प्रार्थनेत जे घडायचे ते त्या श्रमात आणि त्या वेळातच घडते. वेळ काढून टाकला की मागे काही उरत नाही.

आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोटारीने अर्धा दिवसही लागत नाही. माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याला जवळजवळ तीन आठवडे लागतात, आणि विठ्ठलाच्या पायावर डोके टेकायला मिळतो तो एखादा क्षण. अनेकांना तोही नाही, ते कळसाचे दर्शन घेऊन परततात. वाहतूकशास्त्राच्या दृष्टीने हा निव्वळ अपव्यय. करोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. ३० जूनला मानाच्या पालख्यांतील पादुका मोजक्या मंडळींसह एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास नेण्यात आल्या आणि १ जुलैला आषाढी एकादशी झाली. पुढच्या वर्षीही तसेच करावे लागले. तो निर्णय योग्य होता, त्याला पर्याय नव्हता. पादुका पोचल्या, पूजा झाली, कोणताही विधी अपुरा राहिला नाही. तरी त्या दोन वर्षांत वारी झाली, असे कोणताही वारकरी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा चालू लागल्या, तेव्हा वाटेवरच्या गावांनी जे डोळे पुसले, त्याचे कारण वाहतुकीच्या भाषेत सांगता येणार नाही.

यंत्राची दुसरी अट अशी, की बटण दाबले की फळ मिळाले पाहिजे. प्रार्थनेला ही अट लावून पाहण्याचा उद्योग पाश्चात्त्यांनी मोठ्या गांभीर्याने केला आहे. फ्रान्सिस गाल्टनने १८७२ साली एक निबंध लिहून विचारले की, ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी प्रत्येक चर्चमधून प्रार्थना होते ते राजे इतर सधन वर्गांहून अधिक का जगत नाहीत? उलट, त्याच्या तक्त्यांत ते सर्वांत अल्पायुषी ठरले. याहून काटेकोर प्रयोग हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. अमेरिकेतील सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण त्यांनी घेतले. काहींसाठी अपरिचित व्यक्तींनी १४ दिवस प्रार्थना करायची, काहींसाठी नाही, आणि रुग्णांना कोण कोणत्या गटात हे ठाऊक नाही, अशी योजना. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्क्यांना गुंतागुंत उद्भवली, न झालेल्यांत ५१ टक्क्यांना. फरक नाही. तिसऱ्या गटाला मात्र 'तुमच्यासाठी निश्चित प्रार्थना होणार आहे' असे सांगितले होते, आणि त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले! आपल्यासाठी प्रार्थना करण्याइतकी स्थिती गंभीर आहे की काय, या काळजीनेच ते खचले असावेत, असा एक तर्क मांडला गेला.

बुद्धिवाद्यांनी हा अभ्यास हर्षाने उचलला आणि श्रद्धावंतांनी तो दडवून ठेवला. दोघांचीही चूक झाली. प्रयोगात तपासला गेला तो दूरनियंत्रक. येथे बटण, तेथे परिणाम. ज्याच्यासाठी मागायचे त्याची ओळख नाही, त्याच्या उशाशी बसणे नाही, हाती आहे ती केवळ नावाची एक यादी. ईश्वर हा यादीवर चालणारा पुरवठा विभाग नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. तसे तो आहे, असा दावा आपल्या परंपरेतील कोणत्या थोर भक्ताने केला होता? तुकोबांच्या घरात दुष्काळात माणसे मेली. प्रार्थनेने अन्नाची गोणी दारात आली असती, तर त्यांच्या भक्तीचे एवढे मोल राहिले असते का?

याचा अर्थ देवाकडे काही मागूच नये असा नव्हे. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसलेल्या मातेला निष्काम भक्तीचा उपदेश करणारा माणूस धार्मिक नसून निर्दय असतो. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत. संकटात सापडलेला आणि काही हवे असलेला, असे दोघे त्यांत आहेत, आणि भगवंतांनी चौघांनाही उदार म्हटले आहे. ज्ञानी त्यांचा आत्माच. पण इतर तिघांना त्यांनी दारातून परत पाठविलेले नाही. फरक आहे तो मागण्याच्या पद्धतीत. आर्त भक्त आपले दुःख घेऊन देवापाशी स्वतः जातो. मागणी नोंदवून पावतीची वाट पाहणारा स्वतः जात नाही, मागणी पाठवितो.

हे 'पाठविणे' आज घरोघरी आणि गावोगावी रूढ होत आहे, आणि चिंता करण्यासारखी गोष्ट हीच आहे. गावातील देवळांत विजेवर चालणारे एक यंत्र आताशा सर्रास दिसते. एका चौकटीत नगारा, झांज आणि घंटा बसविलेल्या असतात. पुजाऱ्याने कळ दाबली की आरती संपेपर्यंत टिपऱ्या आपोआप आदळत राहतात. पूर्वी या एकेका वाद्यासाठी एक मुलगा लागे. सायंकाळी खेळ टाकून पोरे देवळाकडे धावत, ती भक्तीपेक्षा घंटेच्या दोरीसाठी. आणि त्या दोरीच्या मोहापायी पाच-सहा आरत्या, मंत्रपुष्प, घालीन लोटांगण सारे त्यांना न शिकविता येत असे. यंत्र आले आणि या मुलांची गरज उरली नाही. मुले येईनाशी झाली म्हणून यंत्र आणले, असे विश्वस्त सांगतात. तेही खोटे नाही. वीज गेली की मात्र जमलेल्या चार-सहा जणांपैकी टाळ कुणी उचलायचे, हे कुणालाच सुचत नाही.

शहरातील सदनिकेत हेच यंत्र आकाराने लहान झाले आहे. भिंतीवरची डबी अहोरात्र मंत्र म्हणते. पहाटे स्तोत्रांचे ध्वनिमुद्रण लागते, त्या पार्श्वसंगीतावर डबे भरले जातात. देवतांची चित्रे 'शुभ सकाळ' या अक्षरांसह शेकडो भ्रमणध्वनींवरून फिरतात आणि पाहण्याआधी पुसली जातात. पूर्वी तारखात्याकडे शुभेच्छांचे ठरावीक मजकूर असत. प्रत्येकाला क्रमांक होता. पाठविणाऱ्याने क्रमांक सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य पोचायचे. वाक्य त्याचे नाही हे घेणाऱ्यालाही ठाऊक असे. पण आपल्यासाठी कुणीतरी तारऑफिसात गेले, रांगेत उभे राहिले, पैसे मोजले, हेही त्याला ठाऊक असे, आणि ती तार कपाटात जपून ठेवली जाई. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली. आजच्या फिरत्या चित्रांत ते उभे राहणेही नाही.

तंत्रज्ञानावर सरसकट आगपाखड करण्याचे कारण नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजीला हरिपाठाची ध्वनिफीत हा आधार असतो. ती ऐकताना तिचे ओठ हलत असतात, यंत्र केवळ तिचा हात धरते. टाळेबंदीत महाराष्ट्रातील देवळे २०२० च्या दिवाळी पाडव्यापर्यंत बंद होती, तेव्हा पडद्यावरच्या दर्शनाने अनेकांना धीर दिला. अमेरिकेतील मुलगा आणि साताऱ्यातील आई-वडील गणपतीत एकाच वेळी पडद्यासमोर उभे राहून आरती म्हणतात, त्यात हसण्यासारखे काही नाही. तेथे दोन्हीकडची माणसे स्वतः उभी असतात आणि स्वतः म्हणत असतात. मोजणीचे यंत्र बोटात घालून जप करणाऱ्यालाही नावे ठेवू नयेत. १०८ मण्यांची माळ हेदेखील मोजण्याचे साधनच आहे. फक्त तिला मेरुमणी आहे, तो ओलांडायचा नसतो, तेथे क्षणभर थांबून उलटे वळायचे असते. बोटातल्या यंत्राला तेवढे थांबणे माहीत नाही.

खरा प्रश्न आहे तो आठ-दहा वर्षांच्या मुलाचा. मूल प्रार्थना शिकते ती शब्दांतून नव्हे. रोज एका ठरावीक वेळी, एरवी सतत कामात असणारी मोठी माणसे सारे सोडून हात जोडतात आणि कुणापुढे तरी लहान होतात, हे ते पाहते. बाबांपेक्षा मोठे कुणी आहे, हे त्याला त्या वेळी कळते. ध्वनिमुद्रण कितीही शुद्ध असले तरी हे दृश्य त्यात नसते. अशा घरातले मूल देवाला एक सुविधा म्हणून ओळखू लागते. परीक्षेच्या आदल्या दिवशी वापरायची, निकाल मनासारखा लागला नाही की बदलायची. सुविधा बंद पडली तर ग्राहक दुसरीकडे जातो, हा त्याच्या भोवतालच्या सगळ्या व्यवहारांचा नियम आहे, आणि हाच नियम तो देवालाही लावतो. पुढे तो नास्तिक झाला तरी एक वेळ चालेल. विचारपूर्वक नास्तिक झालेल्यांना आपल्या दर्शनांत मानाचे स्थान आहे. पण कधी कुणापुढे लहानच न झालेला माणूस आई-वडिलांपुढे, समाजापुढे, देशापुढे तरी कसा लहान होणार?

यावर फार मोठी योजना आखावी लागत नाही. सांजवेळ पूर्वीसारखी साडेसहाला गाठता येत नाही, हे मान्य. मुंबई-पुण्यात घरातली माणसे आठ-साडेआठशिवाय एकत्र येत नाहीत. मग साडेआठची वेळ धरावी. दूरदर्शन संच आणि सगळ्यांचे मोबाइल पंधरा मिनिटे बंद राहावेत. या काळात कुणाचाही संदेश आला तरी तो नंतर वाचता येतो. दिवा वातीचा असावा, विजेचा नको, कारण वातीकडे लक्ष द्यावे लागते. शुभं करोति, एखादे स्तोत्र, एक आरती आणि शेवटी दोन मिनिटे निःशब्द बसणे. म्हणायचे ते घरातल्यांनी स्वतः, बेसूर का असेना. पहिले आठ-दहा दिवस अवघडल्यासारखे होईल. मुले एकमेकांकडे बघून हसतील, वडिलांना आरतीचे तिसरे कडवे आठवणार नाही आणि ते नुसतेच ओठ हलवतील. आतल्या खोलीत पडून असलेल्या आजीला ते आठवत असेल. तिला बाहेर आणून खुर्चीवर बसवावे.